मुलाच्या पुस्तकातून गेलेली पानं: त्याला काय सांगू?

गोदाकाठ (नाशिक)

माझी दोन्ही मुलं सीबीएसईची. थोरली २०१९ ला आर्ट्स घेऊन बारावी झाली. धाकटा यंदा बारावीला आहे, त्यानेही आर्ट्सच घेतलंय. आमच्या घरात शाळेची पुस्तकं रद्दीत जात नाहीत, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला त्याने ताईचीच राज्यशास्त्राची आणि इतिहासाची पुस्तकं काढली. तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा, समासातल्या बारीक टिपा, सगळं आयतं मिळालं म्हणून खूश होता. मग शाळेतून नवा संच आला आणि पानं जुळेनात.

मागच्या रविवारी थोरली घरी आली होती. दोघांनी दोन्ही पुस्तकं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडली आणि पान पान लावत बसले. मीही स्वयंपाक उरकून त्यांच्यात बसले. स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणाच्या पुस्तकात ‘लोकचळवळींचा उदय’ नावाचा एक अख्खा धडा होता. चिपको, दलित पँथर, शेतकऱ्यांची आंदोलनं, आंध्रातल्या बायकांचा दारूबंदीचा लढा, नर्मदा, हे सगळं त्यात होतं. तो धडाच नाही. आणीबाणीच्या धड्यात सत्तेचा गैरवापर कसा झाला हे सांगणारी पानं गेली. शेवटच्या धड्यात गुजरात २००२ वर दोन पानं होती, तीही गेली. पहिल्या धड्यात गांधीजींच्या खुनानंतर द्वेष पसरवणाऱ्या संघटनांवर सरकारने कारवाई केली, संघावर काही काळ बंदी आली, अशी वाक्यं होती. आता नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात गोडसेची ओळख होती: पुण्याचा ब्राह्मण, एका जहाल हिंदू वृत्तपत्राचा संपादक. तीही गेली. जात काढली ते मला पटलं, खुन्याची जात मुलांनी पाठ करायचं कारण नाही. पण तो काय लिहीत होता, कुठल्या विचाराने पेटला होता, हे काढल्यावर त्या पोराला काय कळणार? कुणीतरी कुणाला तरी मारलं, एवढंच.

मुलाने वर्गात विचारलं. सर म्हणाले, ते वगळलंय, परीक्षेला नाही, पुढे चला. सरांवर माझा राग नाही, त्यांना पोर्शन संपवायचा असतो. घरी येऊन त्याने मला विचारलं, “आई, ताईने जे पाठ केलं ते खोटं होतं का?” मी म्हटलं, नाही रे. “मग काढलं का?” मी सांगितलं की कोविडनंतर मुलांच्या अभ्यासाचं ओझं कमी करायचं म्हणून काढलं, तसं सरकारने जाहीर केलं होतं. त्याने गांधीजींची ती वाक्यं बोटाने दाखवली आणि म्हणाला, “ह्याचं ओझं होतं?” थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “म्हणजे काढलं ते काढलं, वर कारणही खरं सांगत नाहीत.”

पुढच्या वर्षी त्याला अठरा पूर्ण होतील. त्याचं पहिलं मत असेल. “सगळे पुढारी सारखेच, कुणीच खरं बोलत नाही” इथवर तो येऊन ठेपलाय आणि मला तो तिथे राहायला नकोय. माझे वडील निवडणुकीच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून मतदानाला जायचे, त्या घरातली मी आहे. त्याला काय सांगू? कृपा करून तुमचा पक्ष आणि आमचा पक्ष इथे नको. जाणत्या माणसांनी सांगावं.


कराडचे मास्तर

ताई, मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमचं बोर्ड वेगळं. पण ही एनसीईआरटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पाठ्यपुस्तक करणाऱ्या संस्थेची, पुस्तकं निघाली तेव्हा मी पदरच्या पैशाने आणली आणि पुढे कायम वर्गात नेत राहिलो, कारण तसं पुस्तक तोवर माझ्या हाती पडलं नव्हतं. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली झाला, त्यातून ही पुस्तकं आली. राज्यशास्त्राचे मुख्य सल्लागार दोघे होते, आपल्या पुणे विद्यापीठाचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव.

केंद्रात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं. आणि त्याच काळात निघालेल्या सरकारी पुस्तकात इंदिरा गांधींच्या आणीबाणीवर स्वतंत्र धडा होता, तोही व्यंगचित्रांसकट. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारावर मजकूर होता. सरकारी आकड्याप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मारली गेली, आणि तेव्हा सत्तेत कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी ते छापलं गेलं. त्याच मजकुरात पुढे हेही होतं की २००५ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत या हत्यांबद्दल खेद व्यक्त केला आणि देशाची माफी मागितली. चिरंजीवांना सांगा, हा भाग त्यांच्या नव्या पुस्तकातही आहे, नीट वाचून काढा.

आता ताईच्या पुस्तकात गुजरातच्या पानांवर एक चौकट सापडेल. ४ एप्रिल २००२, अहमदाबाद, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी. मुख्यमंत्र्यांना माझा एकच संदेश आहे, त्यांनी राजधर्म पाळावा. जात, पंथ, धर्म यावरून राज्यकर्त्याने प्रजेत भेद करू नये, असा त्याचा आशय. पानं गेली तशी ही चौकटही गेली. २०२४ साली त्याच पुस्तकातला अयोध्येचा भाग चार पानांवरून दोनवर आला. बाबरी मशिदीचं नाव जाऊन ‘तीन घुमटांची वास्तू’ आली. आणि त्याबरोबर अयोध्येत घडलेल्या प्रकाराबद्दल भाजपने खेद व्यक्त केला होता, हा उल्लेखही गेला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. दंगल झाकली असं लोक म्हणतात, ते खरंच आहे. पण त्यासोबत त्यांच्याच पक्षातल्या मोठ्या माणसांचे प्रामाणिकपणाचे चार शब्दही गेले. वाजपेयींनी आपल्याच मुख्यमंत्र्याला जाहीरपणे बजावलं, हे सतरा वर्षांच्या मुलाने वाचलं तर त्याला पुढाऱ्यांबद्दल आदरच वाटला असता. तुमचा मुलगा “सगळे सारखेच” म्हणतो, कारण जे सारखे नव्हते, निदान त्या दिवशी नव्हते, त्यांची वाक्यं त्याच्या पुस्तकातून काढून घेतली आहेत.

त्याच पानांवर गोध्रा होतं, हेही त्याच्या लक्षात आणून द्या. २७ फेब्रुवारी २००२ ला साबरमती एक्स्प्रेसच्या डब्यात ५९ जीव गेले. अयोध्येहून परतणारे कारसेवक, बायका, मुलं. गुजरातची पानं काढली तेव्हा ही माणसंही पुस्तकाबाहेर गेली. ज्यांच्या नावाने एवढं राजकारण झालं, त्यांची साधी नोंद राहिली नाही.

हे एकाच पक्षाचं दुखणं नाही, तेवढं मात्र मुलाला स्पष्ट सांगा. १९७७ ला जनता सरकार आलं आणि लगेच इतिहासाच्या पुस्तकांवर बालंट आलं. आर. एस. शर्मा यांचं प्राचीन भारताचं पुस्तक १९७८ साली सीबीएसईच्या अभ्यासक्रमातून काढलं. २००१ साली वाजपेयी सरकारातले मनुष्यबळ विकास मंत्री मुरली मनोहर जोशींच्या काळात रोमिला थापर, शर्मा, सतीश चंद्र यांच्या पुस्तकांतले परिच्छेद कापले, आणि सीबीएसईने शाळांना कळवलं की हे शिकवू नका, यावर वर्गात चर्चाही करू नका. २०१२ ला काँग्रेसचं सरकार होतं, तेव्हा आंबेडकरांच्या व्यंगचित्रावरून काय झालं ते इथल्या कुणाला तरी माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल.

आणि आपल्या घरचं. मी सातारा जिल्ह्यातला. माझ्या लहानपणी गावात काही वाड्यांची नुसती जोती उभी होती. आम्ही पोरं त्यांवर विटीदांडू खेळायचो. एका जोत्याला लागून दगडी चौकट शिल्लक होती, तिचा वरचा दगड काजळीने काळा. थोरांना विचारलं की “अठ्ठेचाळीस सालचं” एवढंच उत्तर मिळायचं. गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांची जळली त्यांच्यातले बहुतेक निरपराध. मी नोकरीभर जी पाठ्यपुस्तकं शिकवली त्यांतल्या एकातही हे नव्हतं. इथे कुणी छापलेलं कापलं नाही, मुळात छापलंच नाही. मी वर्गात सांगायचो. एका वर्षी एका पालकाने येऊन विचारलं, “मास्तर, कशाला उकरून काढता?” मी म्हटलं, तुमचा मुलगा रोज त्या जोत्यावर बसतो, त्याला ते कुणाचं घर होतं हे ठाऊक असू द्या.

तेव्हा “ते खोटं होतं का?” याला सरळ उत्तर द्या. नाही, खोटं नव्हतं. सल्लागारांनी स्वतःच जून २०२३ मध्ये एनसीईआरटीला लिहून कळवलं की या काटछाटीनंतर पुस्तकांवरून आमची नावं काढा. आपलं नाव सरकारी पुस्तकावर असणं किती जणांना हवं असतं. या दोघांनी ते नको म्हटलं. हे पत्र मुलाला वाचायला द्या.


ठाणेकर बाप

मास्तरांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझी मुलगी कोविडमध्ये दहावीला होती. वर्षभर मोबाइलच्या पडद्यावर शाळा, घरात दोन माणसं आजारी, आणि वर तेवढाच पोर्शन. अभ्यास कमी केला तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडला. कमी करायचा म्हणजे कुठेतरी कापावं लागणारच, आणि काहीही कापलं तरी कुणीतरी ओरडणार.

दुसरं. दंगलींचं वर्णन सतरा वर्षांच्या मुलांना कशाला? एनसीईआरटीचे संचालकही २०२४ मध्ये हेच म्हणाले होते की शाळेत दंगली कशाला शिकवायच्या, आम्हाला सकारात्मक नागरिक घडवायचेत. मला यात गैर वाटत नाही. मुलं मोठी झाली की वाचतील. आमच्या सोसायटीत सगळ्या धर्मांची पोरं एकत्र क्रिकेट खेळतात, त्यांच्या डोक्यात हे आत्तापासून कशाला भरायचं? माझी भीती खरी आहे, राजकारण म्हणून बोलत नाही.


गोदाकाठ

दादा, तुमची भीती मला कळते. तुमच्या मुलीच्या वर्षाला अभ्यास कमी केला तो योग्यच होता. पण ती सवलत एका वर्षापुरती असती तर ठीक. माझा मुलगा त्यानंतर इतक्या वर्षांनी त्याच कापलेल्या पुस्तकातून शिकतोय.

आणि एक गोष्ट मला मास्तरांच्या उत्तरानंतर शोधताना कळली. काय काय वगळलं त्याची यादी जून २०२२ मध्ये जाहीर झाली होती. गांधीजींबद्दलची काही वाक्यं त्या यादीत नव्हतीच. पुस्तक छापून आलं, एप्रिल २०२३ मध्ये वर्तमानपत्रांनी शोधून काढलं, तेव्हा संचालक म्हणाले की नजरचुकीने राहिलं असेल. ठीक आहे, चूक होते माणसाच्या हातून. मग ती वाक्यं यादीत नाहीत म्हणून परत पुस्तकात यायला हवी होती ना? आली नाहीत. बोजा होता म्हणा, नजरचूक म्हणा, वय लहान म्हणा, दरवेळी नवीन कारण. माझ्या मुलाचा विश्वास उडाला तो यामुळे. उद्या सरळ सांगितलं असतं की “आम्हाला हे पुस्तकात नको आहे, आमचं मत वेगळं आहे”, तर मी भांडले असते, पण त्याला माणूस खोटं बोलतोय असं वाटलं नसतं.

दहावीतून उत्क्रांती काढली, तिने कुठली दंगल होणार होती? तेव्हा १,८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिलं होतं.


मिलिंदची विद्यार्थिनी

मास्तरांनी २०१२ चा विषय काढलाय म्हणून लिहिते. मी औरंगाबादची, मिलिंद महाविद्यालयात शिकलेली, आता एका कॉलेजात शिकवते. माझ्या आजोबांनी बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते व्यंगचित्र शंकर यांचं, १९४९ सालचं. संविधान म्हणून काढलेली गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब हातात चाबूक घेऊन, आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. अकरावीच्या पुस्तकात ते २००६ पासून होतं. २०१२ मध्ये मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात ढवळून आलं. नेहरूंच्या हातातला चाबूक आमच्या माणसाच्या पाठीवर, हे आम्हाला कसं दिसतं ते शंकरना १९४९ मध्ये कळलं नसेल, पण २००६ मध्ये पुस्तक करणाऱ्यांना कळायला हवं होतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

पण पुढे काय झालं? ११ मे २०१२ ला संसदेत गदारोळ झाला. त्याच दिवशी मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली आणि पुस्तक मागे घेतल्याचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकर सरांच्या खोलीत घुसून काही जणांनी तोडफोड केली. ते आमच्या नावाने झालं आणि मला त्याची लाज वाटली. ज्या माणसाने आयुष्यभर वाद घालून, ग्रंथ लिहून समोरच्याला निरुत्तर केलं त्याच्यासाठी खुर्च्या मोडायच्या?

संविधानाला उशीर का लागला याचं उत्तर बाबासाहेबांनी स्वतः दिलं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि घटना समितीने त्या विचारात घेतल्या. इतर देशांच्या घटनांना किती काळ लागला तेही त्यांनी आकड्यांनिशी सांगितलं. हे भाषण त्या चित्राच्या शेजारी छापलं असतं तर माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळलं असतं की टीका झाल्यावर उत्तर कसं द्यायचं. ती संधी कुणालाच नको होती. खासदारांनी आमचं दुखणं उचललं आणि त्याआडून पुस्तकांतल्या बाकीच्या व्यंगचित्रांवरही घसरले, म्हणजे स्वतःवरच्या. सुखदेव थोरात समिती नेमली, तिने आणखी बरीच चित्रं काढायला सांगितली. एम. एस. एस. पांडियन त्या समितीत होते, त्यांनी एकट्याने वेगळं मत नोंदवलं.

आता गोदाकाठ ताईंनी सांगितलेला तो लोकचळवळींचा धडा. त्यात दलित पँथर होते. १९७२, मुंबई, वस्त्यांमधली आमची शिकलेली पोरं. आणि त्या पानावर नामदेव ढसाळांची कविता होती, मराठीतून इंग्रजीत नेलेली. केरळातला, मणिपूरचा सीबीएसईचा मुलगा गोलपिठ्याच्या कवीला आपल्या पाठ्यपुस्तकात भेटत होता. मी ते पान झेरॉक्स करून वर्गात लावलं होतं. मुलं त्याच्याशी उभं राहून फोटो काढायची. २०२२ मध्ये तो धडा गेला, तेव्हा कुठल्या मंत्र्याने माफी मागितली नाही. चित्रासाठी एका दिवसात पुस्तक मागे घेतलं, आणि आमची चळवळ पुस्तकातून गेली तेव्हा ‘ओझं कमी झालं’. ताई, तुमच्या लेकाला सांगा, पुढारी आपल्या भावनांची कदर करतोय असं वाटलं की त्याने हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. कुणाची भावना, आणि त्यातून कुणाची सोय झाली.


अभ्यासिकेतला

पुण्यात यूपीएससीची तयारी करतोय. माहितीसाठी सांगतो, आमच्यात जुन्या एनसीईआरटींना अजून मागणी आहे. अप्पा बळवंत चौकात विचारा, झेरॉक्स बांधून मिळते. शर्मांचं ते १९७८ ला काढलेलं प्राचीन भारतही अभ्यासिकेत सगळ्यांच्या टेबलावर असतं.

म्हणजे जे उद्या कलेक्टर होणार त्यांना पूर्ण पुस्तक, आणि जी मुलं बारावीनंतर शिकणार नाहीत त्यांना कापलेलं. माझी गावाकडची बहीण बारावीनंतर थांबली. “मोठी झाली की वाचतील” असं ठाणेकर काका म्हणतात, पण काका, तिच्यासाठी राज्यशास्त्राचं ते शेवटचंच पुस्तक होतं.


म्युनिकहून

ठाणेकर दादांच्या भीतीबद्दल. आम्ही मूळचे सोलापूरचे, इथे बव्हेरियात राहतो. मुलगी नववीत आहे, जिम्नॅशियममध्ये, म्हणजे इथल्या एका प्रकारच्या माध्यमिक शाळेत. इथे त्या वयाच्या मुलांना नाझी छळछावणीचं स्मारक दाखवायला नेणं शाळेच्या अभ्यासाचाच भाग आहे. आमच्याकडून डाखाउ जवळ, लोकलने जाता येतं. १९३३ ला सुरू झालेली छावणी, ४१,००० हून जास्त माणसं तिथे मेली. जायच्या आदल्या रात्री मी काळजीत होते. परत आली, कोट काढला आणि जेवताना म्हणाली, “आमच्या टीचरने सांगितलं की त्यांचे पणजोबा ह्याच पक्षात होते.” टीचर वर्गासमोर हे सांगतात. मुलगी खिन्न होती त्या रात्री, हे खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी तिने वर्गातल्या सीरियन मैत्रिणीला घरी जेवायला बोलावलं.

पुढाऱ्यांचं म्हणाल तर हे इथेही सहज झालेलं नाही. ७ डिसेंबर १९७० ला चॅन्सेलर विली ब्रँट वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघ्यांवर बसले. आज तो फोटो मुलांना शाळेत दाखवतात. तेव्हा इथल्या एका साप्ताहिकाने पाहणी केली, त्यात ४८ टक्के लोक म्हणाले की हे अति झालं. त्यांना योग्य वाटणारे कमी होते. आपल्या निम्म्या लोकांना आवडणार नाही हे ठाऊक असून तो माणूस बसला. आणि ब्रँट स्वतः तर नाझींच्या विरोधात होते, त्या काळात देश सोडून गेलेले.


ठाणेकर बाप

म्युनिकच्या ताई आणि अभ्यासिकेतला भाऊ, दोघांचंही वाचलं. बहिणीचा मुद्दा मला उत्तर देता येण्यासारखा नाही. दंगलींबद्दल माझी धास्ती अजून आहे, वर्गात कोण कसं शिकवेल याची. पण यादीत नसलेली वाक्यं गुपचूप काढणं मला मान्य नाही. ते चुकीचंच आहे.


गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं मुलाला वाचून दाखवलं. ढसाळांची कविता त्याने ताईच्या पुस्तकातून मोठ्याने वाचली, इंग्रजीत. मग मी माझ्या भावाकडून मूळ मराठी मागवली, तीही त्याने वाचली. अडखळत वाचली, पण पूर्ण वाचली.

तो म्हणतोय की वगळलेली सगळी पानं झेरॉक्स करून नव्या पुस्तकात ज्या त्या ठिकाणी घालतो, वर्गातल्या ज्यांना हवी त्यांना देतो. मी म्हटलं, कर. शनिवारी पालकसभा आहे. मी एवढंच मागणार आहे की शाळेच्या लायब्ररीतले जुने संच काढून टाकू नका, मुलांना दोन्ही पाहू द्या. काय म्हणतात ते इथे कळवीन.

मास्तर, त्याचा एक प्रश्न आहे तुमच्यासाठी. वाजपेयींचं राजधर्माचं वाक्य वाचून तो जरा सावरला होता. मग त्याने मोबाइलवर शोधलं आणि त्याला आठवड्याभरातलं त्यांचं गोव्याचं भाषण सापडलं. तो विचारतोय, “आजोबा, ह्यातला खरा माणूस कुठला?”


कराडचे मास्तर

शाबास. हा प्रश्न मी वर्षानुवर्षं वर्गात विचारायचो, मुलांकडून क्वचितच आला.

बाळा, दोन्ही भाषणं त्याच माणसाची आहेत. ४ एप्रिलला अहमदाबादेत राजधर्म. १२ एप्रिलला गोव्यात, जिथे पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची बैठक होती, त्यांनी आग आधी कुणी लावली असा सवाल केला आणि मुसलमानांबद्दल बोलले ते अहमदाबादच्या अगदी उलट होतं. त्याच बैठकीत मुख्यमंत्र्यांनी राजीनामा देऊ केला आणि पक्षाने तो घेतला नाही. पंतप्रधानाला खरं दिसलं होतं, त्याने ते एकदा बोलूनही दाखवलं, आणि पक्षापुढे ते टिकवता आलं नाही, असं मी याकडे पाहतो. तू वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतोस. वाजपेयी वाईट ठरवून मोकळा होऊ नकोस आणि थोर ठरवूनही नको. अहमदाबादचं ते वाक्य त्यांच्या गोव्याच्या भाषणाने पुसलं जात नाही. उलट त्या वाक्यावर बोट ठेवूनच आपण त्यांना गोव्याबद्दल जाब विचारू शकतो. म्हणून ते छापलेलं असायला हवं.

आता कामाचं. बोर्डाच्या पेपरात नव्या पुस्तकाला धरूनच लिही, मार्क घालवू नकोस. दोन्ही तारखा वहीत लिही आणि त्या दोन तारखांच्या मधल्या आठवड्याची वर्तमानपत्रं शोध, मराठी एक, इंग्रजी एक. नाशिकला सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. तिथे जाऊन जुने अंक पाहायला मिळतील का विचार. सोबत ताईला ने, दोघांनी मिळून पानं चाळली की काम लवकर होतं.